एक जिल्हा, एक अर्ज, हजार रुपये: तलाठी भरती २०२३

जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात महसूल विभागाची तलाठी भरतीची जाहिरात आली आणि राज्यातल्या अभ्यासिकांमध्ये दुसरा विषयच उरला नाही. पदं ४,६४४. पात्रता कुठल्याही शाखेची पदवी. वेतनश्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. धावणं नाही, मुलाखत नाही, पूर्व-मुख्य असा दुहेरी फेराही नाही. दोनशे गुणांचा एकच पेपर, तोही संगणकावर. इतकी सरळ आणि गावाजवळची नोकरी पुन्हा कधी निघेल याची खात्री नसल्याने ज्याच्याकडे पदवी होती त्या जवळजवळ प्रत्येकाने अर्ज भरला. शुल्क भरून पक्के झालेले अर्ज १० लाख ४१ हजारांवर गेले. एका जागेमागे सव्वादोनशे जण.

या भरतीवर पुढे रकानेच्या रकाने लिहिले गेले, पण ते बहुतेक शेवटच्या टोकाबद्दल: कॉपी, सर्व्हर, २०० पैकी २१४ गुण. अर्जाच्या तीन आठवड्यांबद्दल फार कुणी बोललं नाही. ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण ऑनलाइन भरतीत कुणाच्या वाट्याला काय आलं, हे तिथेच दिसतं. पूर्वी अर्ज छाननीला एक कारकून असायचा. तो खिडकीतून अर्ज घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, “इथे सही राहिली” म्हणून परत द्यायचा. अर्ज ऑनलाइन झाला तेव्हा ते काम संपलं नाही. ते उमेदवाराच्या अंगावर आलं, चुकीच्या जोखमीसकट. वर त्याचे पैसेही त्यानेच भरले.

ही पद्धत आली कुठून, ते थोडक्यात. गट ‘ब’ अराजपत्रित, ‘क’ आणि ‘ड’च्या सरळसेवा परीक्षांसाठी २०१७ मध्ये महापरीक्षा पोर्टल सुरू झालं. त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०२० च्या सुरुवातीला ते बंद झालं. मग खाजगी कंपन्यांमार्फत परीक्षा घ्यायचं ठरलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला, आणि त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. मुलं तोवर एसटीने केंद्राच्या गावी पोहोचलेली होती. या सगळ्याला कंटाळून नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने ठरवलं की यापुढे सरळसेवा परीक्षा टीसीएस ही सॉफ्टवेअर कंपनी आणि बँकांच्या भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस या दोनच संस्था घेतील. तलाठी भरती टीसीएसकडे गेली. पेपरफुटीवरचं हे उत्तर होतं आणि त्या मर्यादेत ते चुकीचं नव्हतं. पण पेपर सुरक्षित कसा ठेवायचा, याचाच विचार झाला. अर्ज भरणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत कुठे नव्हता.

आता अर्जाकडे.

पुण्या-मुंबईत लॅपटॉपवर अर्ज भरणारे असतील, पण तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरला जातो तो बसस्टँडसमोरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात. बाहेर फ्लेक्स: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. आत दोन संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि शेवटच्या आठवड्यात दारापर्यंत रांग. केंद्रचालकाला सगळे दादा म्हणतात. दादा की-बोर्डकडे न बघता टाइप करतो आणि एकेक गोष्ट विचारत जातो. दहावीच्या सनदेवर नाव कसं आहे? वडिलांचं नाव आधी की आडनाव? आईचं नाव? लग्न झालंय? मग नाव बदलाचं राजपत्र काढलंय का? फोटो. फोटो मोबाईलमध्ये असतो तो चार एमबीचा, आणि अर्जाला हवा असतो केबीमधला. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, तीही ठरावीक केबीत. दादाकडे फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर असतं, तेच त्याचं खरं भांडवल.

मग ओटीपी.

“ताई, ओटीपी सांगा.”

“दादा, तो बाबांच्या मोबाईलवर गेलाय. ते रानात आहेत.”

“लावा फोन. आलेला नंबर वाचून दाखवा म्हणावं.”

बाबांना आकडे वाचता येतात. चालू कॉलमध्ये मेसेज कसा उघडायचा, ते येत नाही. फोन ठेवून, मेसेज उघडून, आकडे पाठ करून ते परत फोन करतात तोवर ओटीपीची वेळ संपते. रांगेतला मागचा मुलगा घड्याळ बघतो. पुन्हा ‘रिसेंड’. हा प्रसंग मी अशा केंद्रांत इतक्यांदा पाहिला आहे की तो कुठल्या एका भरतीचा म्हणता येत नाही. मुलीच्या नावावर सिमकार्ड नाही, ईमेल दादानेच उघडून दिलेला आणि त्याचा पासवर्ड दादाच्याच वहीत. उद्या हॉल तिकीट त्याच ईमेलवर येणार.

पुढचा टप्पा आरक्षणाचा, आणि खरी जोखीम इथे आहे. सामाजिक प्रवर्ग एक, आणि प्रत्येक प्रवर्गाच्या आत पुन्हा राखीव जागा असलेलं समांतर आरक्षण दुसरं: महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, अंशकालीन कर्मचारी १०, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २, अनाथ १. प्रत्येकासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’. ‘होय’ केलं तर प्रमाणपत्र हवं, आणि ते ठरलेल्या तारखेच्या आतलं हवं. नॉन-क्रीमी लेयर संपलेलं असेल तर नवं काढायचं, आणि जून-जुलैत सेतू केंद्रात अकरावीपासून डिप्लोमापर्यंतच्या प्रवेशांची झुंबड असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार असे दाखले ठरावीक दिवसांत मिळायला हवेत, पण अर्जाची मुदत आणि दाखल्याची मुदत एकमेकींना ओळखत नाहीत. चुकून ‘नाही’वर टिचकी पडली की दावा गेला. चुकून ‘होय’वर पडली तर निवड यादीत नाव येऊन कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर उमेदवारी रद्द. अर्ज एकदा अंतिम सादर झाला की दुरुस्ती नाही. पडताळणी मात्र निकालानंतर, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी.

खिडकीतला कारकून हीच चूक दोन मिनिटांत दाखवायचा. तो तुसडा असेल, जेवणाच्या सुट्टीत गायब असेल, पण सांगायचा. संगणक फक्त एवढंच सांगतो की लाल चौकटीतली माहिती भरा. ती खरी आहे का, तुमच्या हिताची आहे का, हे तो सांगत नाही. ते सांगण्याचं काम आता केंद्रचालकावर आलं आहे, ज्याला भरतीचे नियम कुणी शिकवलेले नाहीत आणि ज्याच्यावर कसलीही जबाबदारी नाही. चांगले केंद्रचालक जाहिरात छापून घेतात, महत्त्वाच्या ओळी पेनाने अधोरेखित करतात आणि उमेदवाराकडून प्रिव्ह्यूच्या पानावर सही घेतात. ही त्यांनी स्वतःहून बसवलेली शिस्त आहे. राज्याची भरती अशा अनेक खाजगी वह्यांच्या भरवशावर चालते, ही गोष्ट मंत्रालयात कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

आणि एक निर्णय असा होता जो दादाही घेऊ शकत नव्हता: जिल्हा. ३६ जिल्ह्यांची पदं वेगवेगळी, यादी जिल्हावार, आणि उमेदवाराने अर्ज करायचा तो एकाच जिल्ह्यासाठी. जिल्ह्यात पदं किती, ते जाहिरातीत होतं. आपल्या प्रवर्गाची किती, तेही होतं. त्या जिल्ह्यात आतापर्यंत किती अर्ज आले, हे मात्र दिसत नव्हतं. म्हणजे गुणवत्तेइतकाच अंदाज महत्त्वाचा. अभ्यासिकेत रात्र रात्र याच गप्पा चालायच्या: पुण्यात जागा जास्त पण गर्दीही जास्त, कोकणात जागा कमी पण बाहेरचे कमी येतील, विदर्भात मेरिट खाली लागतं. जो तो दुसरा काय करेल याचा अदमास घेत होता. यंत्रणेकडे दर तासाचा आकडा होता. तो संकेतस्थळावर एका ओळीत टाकला असता तर लाखो मुलांची ही लॉटरी निम्म्याने कमी झाली असती.

आता पैसे. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना ९००, माजी सैनिकांना माफ. शुल्क परत मिळणार नाही. तुलना करून बघा. नागरी सेवा परीक्षेला यूपीएससी १०० रुपये घेते, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना तेही माफ. एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेचं शुल्क तेव्हा ३९४ आणि २९४ होतं. म्हणजे कलेक्टर व्हायच्या परीक्षेला शंभर, तलाठी व्हायच्या परीक्षेला हजार. दहा लाख एक्केचाळीस हजार अर्जांना ९०० ने गुणलं तरी ९३ कोटींच्या पुढे रक्कम जाते, हजारने गुणलं तर १०४ कोटी. प्रत्यक्ष जमा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असणार.

या शुल्काचं समर्थन करताना एक मुद्दा वारंवार मांडला गेला: शुल्क जास्त असलं की गंभीर उमेदवारच अर्ज करतात. मुद्दा ऐकायला बरा आहे. पण या भरतीत प्रत्यक्ष परीक्षेला बसले ते सुमारे ८ लाख ६५ हजार. पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले आणि ते केंद्रावर गेलेच नाहीत. हजार रुपयांनी गांभीर्य आणलं असतं तर एवढी गैरहजेरी दिसली नसती. गांभीर्यच तपासायचं असेल तर रेल्वे भरती मंडळाची रीत बघावी: ५०० रुपये घ्यायचे आणि पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला जो हजर राहील त्याला ४०० परत करायचे, महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंचे २५० पूर्ण परत. तिथे हजर राहणाऱ्याला फायदा आहे. आपल्याकडे हजर राहणाऱ्यालाच वर एसटीचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च.

पैशाचा दुसरा त्रास लहान दिसतो, पण जुलैतल्या त्या रांगेत त्यानेच सगळ्यात जास्त पोटात गोळा आणला असेल. यूपीआयने पैसे गेले, खात्यातून कमी झाल्याचा मेसेज आला, आणि पडद्यावर ‘पेमेंट पेंडिंग’. आता पुन्हा भरायचे का? पुन्हा भरले तर दोन हजार गेले. नाही भरले आणि मुदत संपली तर अर्जच बाद. कुठल्याही ऑनलाइन भरतीत हे होतं. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे की खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या व्यापाऱ्याला पोचले नाहीत, तर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे बँकेवर बंधन आहे. भरती करणाऱ्यावर नाही. पैसे पाचव्या दिवशी परत येतील, पण अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपलेली असते, आणि “माझे पैसे अडकले होते” हे ऐकून घ्यायला कुणी नसतं. हेल्पलाइन असते. तिथला माणूस तिकीट क्रमांक देतो. तलाठी भरतीत शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ अडखळलं तेव्हा मुदत एका दिवसाने वाढवली गेली, १७ जुलैची १८ जुलै. एक दिवस.

परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात झाली. १९ दिवस, रोज तीन सत्रं, एकूण ५७. पसंतीची केंद्रं देऊनही लांबच्या जिल्ह्यात नंबर आल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या. दोन तासांच्या पेपरसाठी आदल्या रात्री निघायचं, स्टँडवर झोपायचं, सकाळी केंद्र शोधत फिरायचं. २१ ऑगस्टला सकाळच्या सत्राला सर्व्हरच सुरू होईना आणि राज्यभरातले उमेदवार केंद्रांबाहेर ताटकळत राहिले. पेपर सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला आणि पुढची सत्रं त्याप्रमाणे सरकली. यात उमेदवाराला पाच मिनिटं उशीर झाला असता तर त्याला आत घेतलं नसतं. नियमांचं हे एकाच बाजूने कडक असणं अर्जापासून शेवटपर्यंत सारखंच आहे.

उत्तरतालिका आली. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घ्या, दर प्रश्नाला १०० रुपये. प्रश्न काढणाऱ्याची चूक दाखवण्यासाठीही उमेदवारानेच पैसे भरायचे, यावर मला आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला आणि २१४ गुणांची बातमी झाली. यात गैरप्रकारच झाला असं समजणारे पुष्कळ होते. तांत्रिक बाजू अशी: ५७ सत्रांत ५७ वेगळे पेपर होते. काही सोपे, काही अवघड. सगळ्यांना एका पातळीवर आणायला सत्राची सरासरी आणि गुणांचा पसारा लक्षात घेऊन गुण बदलले जातात. अवघड सत्रात खूप चांगले गुण मिळवणाऱ्याचा आकडा वर सरकतो, आणि वरची मर्यादा घातलेली नसेल तर तो २०० ओलांडू शकतो. गणित म्हणून यात अशक्य काही नाही. पण ज्या मुलाला स्वतःचे मूळ गुण १७० माहीत आहेत आणि यादीत १६४ दिसतात, त्याने हे पडताळून कसं बघायचं? सूत्र छापलेलं असून उपयोग नसतो, कारण त्यात घालायचे आकडे त्याच्याकडे नसतात. अर्जाच्या वेळी जिल्ह्याचा आकडा दिसत नव्हता, निकालाच्या वेळी सत्राचा. संशय तिथेच वाढतो. पुढे निवड याद्या लागल्या त्याही सगळ्या जिल्ह्यांच्या नाहीत. पेसा क्षेत्र, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालचा भाग, असलेल्या १३ जिल्ह्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे अडकला. ज्याने जुलैत अशा जिल्ह्याचं नाव निवडलं होतं, त्याला आता बदलायची सोय नव्हती.

तलाठी भरती निदान झाली तरी. जिल्हा परिषदांची २०१९ ची भरती बघा. मार्च २०१९ मध्ये जाहिरात, लाखो अर्ज, शुल्क जमा. आधी पोर्टल बंद झालं, मग करोना आला, मग तारखा पुढे पुढे गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती संपूर्ण भरतीच रद्द झाली. शुल्क परत देऊ म्हणाले, आणि ते मिळवण्यासाठी उमेदवाराने काय करायचं? पुन्हा ऑनलाइन माहिती भरायची. खाते क्रमांक, आयएफएससी. मधल्या काळात एप्रिल २०२० च्या विलीनीकरणात सिंडिकेट, आंध्रा, अलाहाबाद अशा बँका दुसऱ्या बँकांत गेल्या, त्यांचे आयएफएससी बदलले. अनेकांचे मोबाईल नंबरही बदलले. त्याच जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली, शुल्क पुन्हा हजार आणि नऊशे, तेही प्रत्येक पदाच्या अर्जाला वेगळं. म्हणजे तलाठीचा अर्ज पक्का करून महिना होतो न होतो तोच त्याच घरांतून पुन्हा हजार-दोन हजार काढायची वेळ. जुने पैसे मागणारा आणि नवे भरणारा माणूस कित्येकदा एकच होता.

उपाय फार मोठे नाहीत, आणि बहुतेक दुसरीकडे चालू आहेत. मुदत संपल्यावर अर्जदुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस खिडकी उघडी ठेवता येते. कर्मचारी निवड आयोग ती शुल्क घेऊन का होईना पण देतो. परीक्षेला आलेल्याचं शुल्क परत करता येतं. मुदतीच्या आत ज्याच्या खात्यातून पैसे गेल्याची नोंद आहे त्याचा अर्ज तात्पुरता ग्राह्य धरून आठवड्यात निकाल लावता येतो. जिल्हावार अर्जांची संख्या रोज दाखवता येते. एकदा पडताळलेले दाखले प्रत्येक भरतीला नव्याने मागायची गरज नाही; ‘आपले सरकार’वरून निघालेला दाखला सरकारच्याच दुसऱ्या संकेतस्थळाला ओळखता येऊ नये, याला तांत्रिक कारण असेल असं मला वाटत नाही. आणि प्रत्येक तहसील कार्यालयात भरतीच्या तीन आठवड्यांपुरता एक माणूस बसवता येतो, जो प्रिव्ह्यूचं पान वाचून “ताई, इथे चुकून ‘होय’ झालंय” एवढं सांगेल. नव्वद-शंभर कोटी शुल्कातून त्या माणसाचा तीन आठवड्यांचा पगार सहज निघतो.